गावाची गरज कोणी ठरवायची? एका शिबिराने मला शिकवलेला धडा



दर वेळी मी इथे एखाद्या आजाराबद्दल लिहितो. तो का होतो, कसा ओळखायचा, औषधं कोणती, पथ्य काय. आजचा विषय थोडा वेगळा आहे. एका माणसाची तपासणी कशी करायची हे आम्हाला मेडिकल कॉलेजात शिकवतात. पण एका अख्ख्या गावाची तपासणी कशी करायची? गावाला नेमकं काय दुखतंय आणि त्यातलं आधी काय बघायचं, हे कसं ठरवायचं? एमडी होऊन पंचवीसेक वर्षं झाली, तरी मी हे नीट शिकलो नव्हतो. शिकलो ते एका चुकीमुळे.

शिबिर छान झालं, पण...

बालाघाटच्या डोंगराकडेला, आमच्या तालुक्याच्या ठिकाणापासून तासाभराच्या अंतरावर एक छोटं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात आम्ही तीन-चार डॉक्टर मित्रांनी तिथे मोफत तपासणी शिबिर घेतलं. शिबिराचा विषय आम्हीच ठरवला होता : बीपी आणि शुगर. मी फिजिशियन. लकव्याचे आणि हार्ट अटॅकचे पेशंट रोज बघतो, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आपल्याला बीपी आहे हेच माहीत नसतं. त्यामुळे गावाची गरज काय, हा प्रश्न मला पडलाच नाही. उत्तर मला आधीच माहीत होतं.

शाळेच्या वऱ्हांड्यात रांग लागली. सरपंचांनी नारळ फोडला, फोटो निघाले. त्या रांगेत पंचेचाळिशीचा एक धडधाकट माणूस होता. बीपी १९०/११०. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, तेवढंच. तो हसत म्हणाला, "डॉक्टर, तुमचं मशिन बिघडलंय. मला काय होतंय? दोघांचं काम एकटा करतो मी." त्याला समजावलं, महिनाभराच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "संपल्या की तालुक्याला दवाखान्यात या." तो एकदा आलाही. दिवसभराचा रोज बुडवून, काळी-पिवळीचं भाडं देऊन आला आणि आणखी महिन्याच्या गोळ्या घेऊन गेला.

फेब्रुवारीत त्याला उचलूनच माझ्याकडे आणलं. उजवा हात-पाय गेलेला, वाचा गेलेली. जानेवारीत उसाच्या फडातच तो कोसळला होता. मी त्याच्या बायकोला विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?"

"दसऱ्यापर्यंत पुरल्या. मग आम्ही टोळीसंगं कारखान्यावर गेलो."

"मग जाताना जास्तीच्या का नाही नेल्या?"

ती बाई शांतपणे म्हणाली, "तुम्ही कुठं इचारलं डॉक्टर, आम्ही कुठं जातो ते?"

खरंच विचारलं नव्हतं. त्या गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आशाताईंना विचारलं असतं, तर त्यांनी एका मिनिटात सांगितलं असतं. मी कोलेस्टेरॉलपासून मिठापर्यंत सगळं बोललो, आणि हा एक प्रश्न राहिला.

ज्यांना ऊसतोडीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो आणि ती तोडणीतून फेडायची असते. नवरा लकव्याने पडला की कोयता मोडतो, पण उचल मोडत नाही. त्या घराचं काय झालं असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

गरज चार प्रकारची असते

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागलो. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ साली गरजेचे चार प्रकार सांगितले आहेत. मला ते फार उपयोगी वाटतात.

पहिली, तज्ज्ञाने ठरवलेली गरज. उदाहरणार्थ, 'इतक्या वरचं बीपी असेल तर औषध हवं.' दुसरी, माणसाला स्वतःला वाटणारी गरज : 'कंबर दुखते, पाणी नाही.' तिसरी, बोलून किंवा कृतीने व्यक्त केलेली गरज. म्हणजे माणूस दवाखान्यात आला, अर्ज केला, मोर्चा काढला. चौथी, तुलनेतून दिसणारी गरज. शेजारच्या गावात उपकेंद्र आहे, लोकसंख्या तेवढीच असून आपल्याकडे नाही.

आमच्या शिबिरात फक्त पहिली गरज होती. बाकीच्या तीन आम्ही विचारल्याच नाहीत.

यातली तिसरी गरज सर्वांत फसवी असते. दवाखान्यात गर्दी दिसते ती येऊ शकणाऱ्यांची. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत, जिला घरातून कुणी सोडत नाही, ते गर्दीत दिसतच नाहीत. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या एका खाणगावात प्रॅक्टिस करणारे साधे फॅमिली डॉक्टर. त्यांनी १९७१ साली 'लॅन्सेट'मध्ये हे एका नियमात मांडलं : चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज जास्त, तिथेच कमी मिळते. याच हार्ट यांनी पेशंट येण्याची वाट न बघता आपल्या गावातल्या माणसांचं बीपी स्वतःहून मोजायला घेतलं होतं.

जामखेड आणि गडचिरोली

खरं तर एवढ्या लांब जायची गरज नव्हती. आमच्यापासून फार दूर नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली आले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. पण लोकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की लोकांची पहिली मागणी दवाखान्याची नाही, पाण्याची आणि अन्नाची आहे. त्यांनी तिथूनच सुरुवात केली. हातपंप, मुलांचा पोषण आहार, मग शेतकरी मंडळं, महिला मंडळं आणि गावातल्याच, बऱ्याचदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका. १९७२ चा दुष्काळ याच काळातला. पुढे १९७८ साली अल्मा-आटा इथे जगभरच्या देशांनी 'सर्वांसाठी आरोग्य' जाहीर केलं, त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडच्या कामाची दखल घेतली होती. आज गावोगावी आशाताई दिसतात, त्या कल्पनेच्या मुळाशी जामखेडसारखेच प्रयोग आहेत.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांत स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला. तो १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी किंवा उपचार झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. तोपर्यंत ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जायचं. ही दुखणी होती, पण कोणी विचारलं नव्हतं म्हणून कोणी बोललं नव्हतं.

जामखेडने मला शिकवलं, लोक सांगतात ते आधी ऐका. गडचिरोलीने शिकवलं, लोक सांगत नाहीत ते शोधा. दोन्ही लागतं.

चिंचोक्यांचं मतदान

पुढच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा त्या गावात गेलो. या वेळी बीपीचं मशिन गाडीतच ठेवलं. आशाताईंनी पहिलीच अट घातली : "सर, बाप्यांची आणि बायांची बैठक वेगळी घ्या. नाहीतर बाया बोलणार नाहीत." तिसरी बैठक वस्तीवर घ्यायची, हेही त्यांनीच सांगितलं. "ती माणसं देवळात येऊन बसतील, पण मागं बसतील."

पुरुषांची बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. बायकांची अंगणवाडीत, आशाताई आणि माझी एक स्त्रीरोगतज्ज्ञ सहकारी यांच्याबरोबर. मी बाहेर. पद्धत अगदी साधी ठेवली. जे त्रास लोकांनी सांगितले त्यांची चित्रं खडूने जमिनीवर काढली, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. मग प्रत्येकाला दहा चिंचोके दिले. ज्या चित्रावर जेवढे ठेवायचे तेवढे ठेवा. हात वर करून मत घेतलं असतं तर सगळ्यांनी आधी सरपंचांच्या हाताकडे बघितलं असतं.

पुरुषांचे चिंचोके पडले ओढ्यावरच्या पुलावर, कारण पावसाळ्यात पाणी आलं की १०८ ची गाडी अलीकडेच थांबते. मग रात्रीच्या डॉक्टरवर आणि साप चावण्यावर. बायकांचे पडले उन्हाळ्यातल्या पाण्यावर, दारूवर, कंबरदुखी आणि अंगावरून पांढरं जाण्यावर. वस्तीवर पाणी पहिलं आलं, आणि त्याच्या मागोमाग एक गोष्ट आली जी दुसरीकडे कुणी बोललंच नव्हतं : हंगामात मागे राहणारी म्हातारी माणसं आणि पोरं. त्यांना दुखलं-खुपलं तर बघायचं कोणी?

तिन्ही बैठका मिळून बीपीवर पडलेले चिंचोके : शून्य.

बायकांच्या बैठकीत आणखी एक गोष्ट पुढे आली. पांढरं जाण्याच्या त्रासावर 'पिशवी काढून टाका' असा सल्ला तिथल्या काही जणींना मिळाला होता, आणि त्यांनी तो मानलाही होता. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका मोठा झाला की २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. साध्या जंतुसंसर्गाला बऱ्याचदा आठवडाभराची औषधं पुरतात. वेळेवर कोणी विचारलं नाही की गरज नाहीशी होत नाही. ती चुकीच्या दारात जाते.

मग आधी काय करायचं?

यादी झाली. आता सगळं एकदम करणं कोणालाच शक्य नसतं. प्राधान्य ठरवायची एक जुनी पद्धत आहे, जॉन हॅनलन या अमेरिकन सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी. तिकडे २०१० च्या आरोग्य कायद्यानंतर ना-नफा हॉस्पिटलांना दर तीन वर्षांनी आपल्या भागाच्या गरजा तपासाव्या लागतात, आणि त्यांच्या ग्रामीण काउंट्यांमध्ये असले हिशेब नेहमीचे आहेत. पद्धत तीन प्रश्नांची आहे.

१. हा त्रास किती जणांना आहे?
२. तो किती गंभीर आहे? जीव जातो का, अपंगत्व येतं का, घर बसतं का?
३. त्यावर लागू पडणारा उपाय आहे का?

गांभीर्याला दुप्पट वजन द्यायचं, ते पहिल्या आकड्यात मिळवायचं आणि आलेल्या बेरजेला उपायाच्या आकड्याने गुणायचं. गुणाकार असल्यामुळे उपायच शून्य असेल तर उत्तरही शून्य. शेवटी चाळणी : हे आपल्या हातात आहे का, पैसा-माणसं आहेत का, लोकांना पटेल का, कायद्यात बसतं का.

मी हे सगळं बैठकीत सोप्या भाषेत सांगितलं, आणि मग बीपीचा विषय काढला. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. 'लोक म्हणतील तेच खरं' असं मी म्हणत नाही. बीपी दुखत नाही, म्हणून त्यावर कोणी चिंचोका ठेवत नाही. न दुखणारी गोष्ट लोकांसमोर मांडणं हे डॉक्टरचंच काम आहे. फक्त मांडायची, लादायची नाही. मी बोलत असताना तो लकव्याचा माणूस देवळाच्या पायरीवर काठी घेऊन बसला होता. मला फार बोलावं लागलं नाही.

आम्ही काय केलं, काय नाही

पहिलं काम पाण्याचं घेतलं. डॉक्टरांनी पाण्याचं का घ्यावं, असं एका मित्राने विचारलं. कारण तिन्ही बैठकांत मिळून सर्वाधिक चिंचोके त्यावर होते, आणि जुलाबाचे निम्मे पेशंट तिथूनच येत होते. वस्तीवरचा हातपंप बंद होता. ग्रामसभेत ठराव झाला, पाठपुरावा झाला, दोन महिन्यांनी पंप सुरू झाला. गावाच्या आरोग्य समितीच्या निधीतून टीसीएल पावडर आणि पाणी तपासणीचं बघितलं.

दुसरं, दसऱ्याच्या दोन आठवडे आधी 'जाण्यापूर्वीची तपासणी'. आशाताई यादी करतात : कोण, कुठल्या कारखान्याला जाणार, घरात गरोदर कोण, लहान मूल कोण. बीपी-शुगर आटोक्यात असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या आणि मराठीत लिहिलेलं एक कार्ड मिळतं. त्यावर औषधाचं नाव, मात्रा आणि शेवटचं बीपी. तिकडच्या सरकारी आरोग्य केंद्रात हे कार्ड दाखवलं की पुढच्या गोळ्या घेता येतात. ज्यांचं बीपी आटोक्यात नाही त्यांना एकदम इतक्या गोळ्या देत नाही. त्यांना फोन करतो आणि तिकडेच तपासून घ्यायला सांगतो. मुलांचं लसीकरणाचं कार्ड आणि गरोदर बाईचं कार्डही याच पिशवीत जातं.

तिसरं, महिन्यातून एक दुपार फक्त बायकांसाठी, बाई डॉक्टरकडून तपासणी.

हंगामात मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरं आशाताई आणि आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा फिरून बघतात. पुलाचा ठराव झाला आहे, पूल अजून झालेला नाही. तोवर पावसाळ्यात नववा महिना लागलेल्या बाईने ओढ्याच्या अलीकडच्या नातेवाइकांकडे येऊन राहायचं, असं ठरलं. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता, जखम न कापता, घट्ट दोरी न बांधता थेट आरोग्य केंद्र गाठायचं, हे शाळेतल्या मुलांनी घरोघर पोचवलं.

आणि दारू? दारू आम्ही मागे ठेवली. आडवी बाटलीचं मतदान परवान्याच्या दुकानासाठी असतं. इथे परवान्याचं दुकान नव्हतंच, हातभट्टी होती. हे सांगितल्यावर एक आजी म्हणाल्या, "म्हंजे जे सोपं तेवढंच आधी घ्यायचं व्हय, डॉक्टर?"

आजींनी हॅनलनच्या पद्धतीतला दोष एका वाक्यात सांगितला. ज्याला उपाय चटकन सापडतो तेच वर येतं, आणि ज्याला लढावं लागतं ते खाली राहतं. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली ती कुठल्याही हिशेबातून नाही, लोकांच्या चळवळीतून. म्हणून आम्ही दारूचं चित्र यादीतून पुसलं नाही. दर वर्षी बैठकीत ते पुन्हा काढतो, आणि बायका त्यावर पुन्हा चिंचोके ठेवतात. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच पोलिस स्टेशनला अर्ज दिला.

तुमच्या गावात हे करता येईल का?

नक्की येईल, आणि त्यासाठी डॉक्टर लागतोच असं नाही.

- प्रत्येक महसुली गावात 'ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती' असायला हवी. ग्रामीण आरोग्य अभियानात तिच्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद होती. आपल्या गावची समिती आहे का, तिच्यात कोण आहे, या वर्षी किती निधी आला आणि कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. तो तुमचा हक्क आहे.
- २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांना जा. गावाच्या विकास आराखड्यात आरोग्याचा विषय तिथेच घालता येतो.
- आधी आशाताई आणि अंगणवाडीताईंशी बोला. गावाची खरी केसपेपर त्यांच्याकडे असते.
- बायकांची बैठक वेगळी घ्या, वस्तीवर जाऊन घ्या. जे बैठकीला आले नाहीत त्यांची यादी करा आणि त्यांच्या घरी जा.
- यादीतल्या तीनच गोष्टी निवडा. कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहून भिंतीवर लावा. वर्षाने पुन्हा मोजा.
- कोणी शिबिर घ्यायला आलं तर आनंदाने घेऊ द्या, पण एक प्रश्न विचारा : "तुम्ही गेल्यावर पुढची गोळी कुठे मिळणार?"

आणि डॉक्टर म्हणून एक विनंती. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून किंवा गाव सोडताय म्हणून बंद करू नका. प्रवासाला निघताना डॉक्टरांना आपणहून सांगा, किती दिवस आणि कुठे जाताय. ते विचारतीलच याची खात्री नाही. मी तरी विचारलं नव्हतं.

आमच्या कार्डांमुळे किती लकवे टळले, हे मोजता येत नाही. टळलेला लकवा कुणाला दिसत नाही. तो माणूस आता काठी टेकत चालतो, थोडं अडखळत बोलतो. दसऱ्याआधीच्या तपासणीला सकाळपासून रांगेच्या तोंडाशी बसतो आणि तरण्या पोरांना हाताने खुणावून आत पाठवतो. आता केसपेपरवर मी वय आणि पत्त्याखाली आणखी एक ओळ लिहितो : हंगामात मुक्काम कुठे?